उबदार खोलीतला कॉम्प्युटर

बापाक सुतेजोंचा कॉम्प्युटर चौथ्यांदा दुरुस्तीला आला, तेव्हा विनार्सीला स्वतःचीच लाज वाटली. डोंगराखालच्या वोनोसोबो शहरात, बाजारामागे, तिचं आठ बाय दहाचं दुकान होतं आणि त्या बाजारात तिचा शब्द चालायचा. विनार्सीने हात लावलेलं यंत्र पुन्हा रडत येत नाही, असं लोक म्हणत. हे यंत्र मात्र तीन महिन्यांत चौथ्यांदा आलं होतं आणि दर वेळी एकच रड घेऊन. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळ यायची: सिस्टीमची अमुक एक फाइल सापडत नाही, किंवा खराब झाली आहे. मग काही केल्या पुढे सरकायचं नाही.

कॉम्प्युटर तेरा वर्षांचा. दुसरा कुणी असता तर तिने सरळ सांगितलं असतं, भंगारात काढा आणि नवा घ्या. पण बापाक सुतेजोंना ते सांगायची तिची हिंमत नव्हती. वर पठारावर सिलावोक गावात सदतीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत घालवली होती, त्यातली शेवटची वीस हेडमास्तर म्हणून, आणि सगळे त्यांना आदराने ‘बापाक’, म्हणजे बाबा, म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं होतं. कोरड्या ऋतूत पठारावर दव गोठतं. लोक त्याला ‘बून उपास’ म्हणतात, विषाचं दव, कारण एका पहाटेत ते बटाट्याचं अख्खं शेत जाळून टाकतं. बापाक रोज सकाळी साडेपाचला बांधावर जाऊन जमिनीलगतचं तापमान बघत, वाऱ्याची दिशा बघत, वहीत लिहीत आणि घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये भरत. अशी एकोणीस वर्षं भरली होती, आधीच्या कॉम्प्युटरवरची धरून; जुन्या वह्या ओलीने कधीच कुजल्या होत्या. लागवड कधी करायची हे आसपासची चार गावं त्यांना विचारून ठरवत.

पहिल्या वेळी विनार्सीने नेहमीचं केलं. सिस्टीमला स्वतःच्या फाइली तपासून दुरुस्त करायची आज्ञा दिली. अर्ध्या तासाने यंत्राने कबूल केलं की बऱ्याच फाइली नासल्या होत्या आणि आता ठीक आहेत. दुसऱ्या वेळी तिला वाटलं हार्ड डिस्क जाते आहे. डिस्क तपासली, ती धड निघाली. तरी केबल बदलली आणि सगळी सिस्टीम नव्याने चढवली. तिसऱ्या वेळी रॅममध्ये चुका दिसल्या, तेव्हा तिला हायसं वाटलं, चोर सापडला म्हणून. नवी रॅम घातली, पॉवर सप्लायही बदलला, आणि डोंगरावरची वीज लहरी म्हणून स्टॅबिलायझर घ्यायला लावला. त्यानंतर पाच आठवडे झाले आणि यंत्र पुन्हा दारात हजर.

या वेळी तिने घाई केली नाही. सकाळची गिऱ्हाइकं परतवली, यंत्र उघडलं आणि दिव्याखाली एकेक भाग काढून बघत बसली. पाच आठवड्यांपूर्वी तिनेच बसवलेली रॅम तिने उपसली, तेव्हा क्षणभर तिला वाटलं की कुणीतरी जुनी घालून नवी पळवली. रॅमचे सोनेरी दात कडांनी काळवंडले होते. पंख्याखालचं तांबं करपलेल्या कढईच्या बुडासारखं झालं होतं. डिस्कच्या पाठीमागची सर्किटची पाटी सोडवली तर तिथले सगळे ठिपके काळे. खोडरबराने घासले तशी काळी भुकटी निघाली आणि खाली धातू चमकला. डिस्क काय वाचते आणि काय लिहिते याला या ठिपक्यांतूनच वाट होती. ती वाटच बुजत चालली होती. फाइली नासणार नाहीत तर काय.

कशाने बुजते, ते कळत नव्हतं. रॅम मुठीत धरून ती दोन दुकानं पलीकडे को लियांगकडे गेली. म्हातारा सोनार होता, चांदीला डाक देत होता. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि ती काही सांगायच्या आत विचारलं, वरून आलं का हे? पठारावरून?

ती हो म्हणाली.

“गंधक,” को लियांग म्हणाला. “तिकडच्या बायकांची चांदी मी लांबून ओळखतो. पण त्याला वर्षं लागतात. हे किती दिवसांचं?”

“पाच आठवडे.”

त्याने भिंग काढून ठेवलं. त्याचा बाप तरुणपणी गंधकाच्या खाणीवर होता, आणि बापाची एक गोष्ट त्याने तिला त्या दिवशी सांगितली. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर माणूस नाक मुरडतो आणि काम करतो. वायू फार झाला की नाकच मरतं. वास येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा निवळली, आणि तो तिथेच आडवा होतो. बापाचे दोन सोबती असेच गेले होते. सांगताना को लियांगचा हात चांदीवर थांबला होता, नंतर पुन्हा चालू लागला.

वासाचं विनार्सीला नवल नव्हतं. पठारावर जमिनीतून वाफा येतात, चिखल उकळतो, शाळेत जाणारी पोरं त्या वासातच वाढतात. तिने पठारावरची वीसेक यंत्रं तरी दुरुस्त केली होती. तीही थोडी काळवंडलेली असत, पण पाच आठवड्यांत इतकं काळं काही झालं नव्हतं. यंत्र साफ करून तिने दुकानातच चालू ठेवलं. सकाळी लावायची, संध्याकाळी बंद करायची. बारा दिवसांत एक फाइलसुद्धा बिघडली नाही.

तिने बापाकांना फोन केला आणि सांगितलं की दुखणं यंत्रात नाही, घरात आहे.

“म्बाक विनार,” ते म्हणाले; ती वयाने लहान असली तरी तिला ते ताईच म्हणत. “पोरगं शाळेत गुणी आणि घरी वांड असलं, की मी आईबापांच्या घरी जाऊन बघायचो. आता तुम्ही या.”

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. कॉम्प्युटर मोटरसायकलच्या मागे घोंगडीत बांधून ती वर गेली. बापाकांचं घर गावाच्या खालच्या अंगाला, उताराला टेकून होतं. पुढे बैठकीची खोली, बाजूला स्वयंपाकघर, आणि मागे तीन पायऱ्या उतरून एक खोली. मागच्या वर्षी उतार आणखी कापून त्यांनी ती वाढवून घेतली होती. पुढच्या खोलीत ओल येते म्हणून त्यांच्या बायकोने, इबू सुमिराने, कॉम्प्युटर तिथे हलवला होता. आणि आपलं अंथरूणही.

विनार्सी पायऱ्या उतरली आणि तिच्या पायांना ऊब लागली. बाहेर हात काकडत होते आणि इथली फरशी भाकरीच्या तव्याशेजारी बसावं तशी कोमट होती.

“देवाची कृपा आहे, न्दुक, लेकी,” सुमिरा म्हणाली. “खोली वाढवली आणि ही ऊब लाभली. वर आमचे गुडघे धरायचे. इथे मी पोरीसारखी झोपते.”

तिचे डोळे लाल होते. विनार्सीने विचारलं तर म्हणाली, चुलीच्या धुराने. डोकं दुखतं का? दुखतं, पण वय झालं. मांजर कुठे आहे, पूर्वी पायात यायचं? ते हल्ली या खोलीत उतरत नाही, स्वयंपाकघरात पडून असतं, लाडावलंय.

विनार्सीने वीज मोजली, ती ठीक होती. भिंती चाचपल्या, त्या कोरड्या खडखडीत. उंदराची लेंडी नाही, मुंगी नाही, कोळ्याचं जाळंसुद्धा नाही. हे शेवटचं तिला आवडलं नाही. मग तिने बापाकांना विचारलं, यंत्र कोणकोणत्या दिवशी बंद पडलं, आठवतं का?

हेडमास्तरांना आठवायची गरज नव्हती. त्यांनी वही आणली. कोणत्या सकाळी काळा पडदा आला, कोणत्या सकाळी नुसतंच अडखळलं, सगळं तारीखवार लिहिलेलं होतं आणि त्याच ओळीत त्या दिवसाचं दव आणि वारा. दोघं वहीवर वाकली. विनार्सीचं बोट खाली सरकत गेलं. चारही वेळा आधीचे दोन-तीन दिवस जबर दव पडलेलं होतं, आणि वाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द होता: नाही.

“थंडी बाधते म्हणायची त्याला,” बापाक म्हणाले.

“ही खोली तर तुमच्या घरात सगळ्यांत गरम आहे, बापाक.”

 तिने येताना तांब्याची तार आणली होती. सहा तुकडे केले, बारीक पॉलिश कागदाने घासून लख्ख केले आणि दोऱ्याने टांगले. एक ओसरीवर, एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक शेजारच्या घरी, एक मागच्या खोलीत डोक्याच्या उंचीवर आणि शेवटचा त्याच खोलीत फरशीपासून वीतभर. बापाकांना सांगितलं की रोज रंग बघून कळवा. कॉम्प्युटर जोडून दिला, तो निमूट चालू झाला. सोयाबीनचं तळलेलं तेम्पे आणि गोड काळा चहा घेऊन ती निघाली. निघताना मात्र इबूला म्हणाली, आठ दिवस वर बैठकीत झोपा.

“तिथे माझे गुडघे तू येऊन चोळणार का?” सुमिरा हसून म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला. विनार्सी पुढे कित्येक दिवस स्वतःला विचारत राहिली, की आपण का रेटलं नाही. पण तेव्हा तिच्या हातात होतं काय? काळी पडलेली एक रॅम आणि सोनाराच्या बापाची गोष्ट. तेवढ्यावर कुणाच्या म्हातारीचं अंथरूण हलवायचं म्हणजे जिभेला धारच हवी, आणि विनार्सीची जीभ यंत्रांपुढे जितकी चाले तितकी माणसांपुढे चालत नसे.

बापाकांचा फोन रोज सकाळी सातला येऊ लागला. पोरांचा निकाल वाचावा तसे ते वाचून दाखवत. पहिल्या दिवशी सगळ्या तारा उत्तीर्ण. दुसऱ्या दिवशी फरशीजवळची जरा तपकिरी. तिसऱ्या दिवशी वारा होता, फरक नाही. चौथ्या दिवशी वारा पडला, सगळीकडे पांढरं झालं, आणि खालची तार जांभळट दिसू लागली. ओसरीवरची आणि शेजारची मात्र अजून नवरीसारखी होती. पाचव्या दिवशी ते म्हणाले, खालची आता गर्द जांभळ्या वांग्यासारखी आहे, आणि वरचीलाही रंग चढायला लागलाय. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, कुतूहल होतं. एखादं अवघड गणित सुटत आलं की मास्तरांचा आवाज होतो तसा.

विनार्सीने त्यांना को लियांगने सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि वारा पडला की तो वायू उडून न जाता तळाशीच साचतो, हेही. आजच्या आज इबूला वर घ्या, दार लावून घ्या, खोलीत कुणी उतरू नका. आणि पठारावरच्या ज्वालामुखी निरीक्षण चौकीत कळवा. बापाकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मी या वासातच जन्मलो, म्बाक, आणि ऐंशी गाठली. पण तुम्ही म्हणता तर सांगतो तिला. चौकीतल्या रहार्जोला उद्या दुपारी भेटतोच आहे, तेव्हा तार दाखवतो.

“उद्या दुपारी नको. आत्ता.”

“बरं, बरं,” ते म्हणाले. त्या ‘बरं बरं’वर तिचा जीव ठरेना. दुकानात एका गिऱ्हाइकाचा कीबोर्ड उलटा बसवला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती मोटरसायकलवर होती.

वर पोचली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. वारा असा नव्हताच. घराघरातला धूर काठीसारखा सरळ वर जात होता. बांध, वाफे, कोबीचे गड्डे, कुंपणावर वाळत घातलेलं कुणाचं तरी फडकं, सगळं पांढरं पडलं होतं. बापाकांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. म्हणजे ते बांधावर गेलेले. तिने हाक मारली. मांजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मागच्या दाराकडे बघत होतं. वर बैठकीत बापाकांचं अंथरूण होतं, इबूचं नव्हतं.

मागच्या खोलीचं दार उघडलं आणि वास आला. उग्र, नाकात जळणारा. पहिल्या पायरीवर तिने ओढणी तोंडाला लावली. दुसऱ्या पायरीवर डोळ्यांतून पाणी आलं. तिसरी पायरी उतरून ती फरशीवर आली आणि तिला बरं वाटलं. वास गेला होता. हवा अगदी मोकळी वाटत होती.

कॉम्प्युटर चालू होता, बहुधा रात्रीपासूनच. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ. त्याच्या उजेडात फरशीजवळची तार दिसली. ती आता वांग्यासारखीही नव्हती, कोळशासारखी होती. आणि टेबलाच्या पायाशी, चटईवर, सुमिरा कुशीवर झोपली होती. खाट बाजूला होती. फरशी जास्त उबदार म्हणून ती खाली येऊन झोपली होती.

विनार्सी तिच्याकडे वाकली आणि तिचे गुडघे आपोआप दुमडले. डोक्यात कुणी घण घातल्यासारखं झालं. त्याच क्षणी तिला कळलं की वास गेलेला नाही, आपलं नाक गेलंय. को लियांगच्या बापाचे दोन सोबती तिच्या डोळ्यांपुढे आले, ज्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने तोंड मिटलं आणि श्वास कोंडला. चटईचं टोक दोन्ही हातांत धरून ती मागे ओढू लागली. सुमिरा काही जाडजूड नव्हती, पण त्या वेळी ती भातगिरणीच्या जात्यासारखी जड वाटली. चटई पायरीपर्यंत आली. पुढे चटईचा उपयोग नव्हता. काखेत हात घालून तिने सुमिराला एक पायरी चढवली, दुसरी चढवली, आणि छाती फुटायची वेळ आली तेव्हा मान वर करून, वरच्या हवेत, एक घोट श्वास घेतला. वास आला. सडका, घाणेरडा, नको नकोसा वास. इतकं सुख तिला कुठल्या वासाने दिलं नव्हतं. तिने बापाकांच्या नावाने हाक दिली, तिची तिलाच ओळखू आली नाही अशी.

बापाक अंगणात पोचलेच होते, हातात वही आणि टॉर्च. ते धावत आले. दोघांनी मिळून सुमिराला ओसरीवर, तिथून खाली अंगणात आणलं. दवाने पांढऱ्या झालेल्या गवतावर ती पडून होती, ओठ निळसर. विनार्सी तिच्या पाठीवर थापा मारत राहिली. बापाक बायकोचं नाव घेत होते, लग्नाआधीचं असावं असं काहीतरी छोटं नाव, जे विनार्सीने कधी ऐकलं नव्हतं. मग सुमिरा खोकली. ओकली. पुन्हा खोकली, आणि डोळे न उघडता म्हणाली की इथे फार गार आहे.

शेजारचे जमले. कुणी पांघरूण आणलं, कुणी बटाट्याची गाडी आणायला धावलं. बापाक उठून उभे राहिले, घराकडे बघितलं आणि चालू लागले. विनार्सीने त्यांचं मनगट धरलं.

“कुठे निघालात?”

“कॉम्प्युटर चालूच आहे. बंद करून येतो. एक मिनिट.”

“नाही.”

“एकोणीस वर्षं आहेत आत, म्बाक.”

“बापाक, ती तिथेच राहतील. तुम्ही उतरलात तर तुम्हीही तिथेच राहाल. मला दोन माणसं ओढून काढता येणार नाहीत.”

त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला. सदतीस वर्षांत त्यांचं मनगट असं कुणी धरलं नसेल. मग त्यांच्या अंगातला जोर ओसरला आणि ते जिथे होते तिथेच गवतावर बसले. हातातली वही उघडून त्यांनी पेन काढलं. पण आकडा लिहिता आला नाही. विनार्सीने वही घेतली, त्यांनी सांगितला तो आकडा लिहिला, आणि वाऱ्याच्या रकान्यात त्यांना न विचारता ‘नाही’ लिहिलं.

सुमिराला खाली शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिला दोन दिवस प्राणवायू लावला होता. विनार्सीचंही डोकं तीन दिवस ठणकत होतं.

चौकीतले रहार्जो त्याच दिवशी बाराच्या सुमाराला आले. तोवर वारा सुटला होता, दारं-खिडक्या उघड्या होत्या. लोक म्हणत होते, आता काही नसेल. रहार्जोंनी वायू मोजायचं यंत्र एका लांब बांबूला बांधलं आणि दारात उभं राहून आत सोडलं. दुसऱ्या पायरीवर ते कोकलू लागलं. फरशीपर्यंत पोचलं तेव्हा त्याचा आवाज इतका चढला, की अंगणातल्या बायका मागे सरल्या. रहार्जोंनी बांबू बाहेर घेतला, आकडा बघितला. घराभोवती फिरले. उतार कापला होता तिथे भिंतीच्या पायथ्याला केसाएवढी भेग होती. त्यांनी तिच्यावर तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

“किती दिवसांपासून आहे हे?” त्यांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. विनार्सीने वही पुढे केली. कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला ती तारीख मेमधली होती. रहार्जोंनी ते पान दोनदा वाचलं. ते म्हणाले, आमची यंत्रं वर विवरापाशी आहेत, गावात घराघरात काय चाललंय ते आम्हाला कसं दिसणार. मग तिच्याकडे तारेचे आणखी तुकडे आहेत का, ते विचारलं.

त्याच संध्याकाळी त्या आळीतली सहा घरं रिकामी झाली. पुढच्या आठवड्यात रहार्जोंनी आणि विनार्सीने चाळीस घरांत तारा टांगल्या. काहींनी हसून टांगू दिल्या. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. अशाने बटाट्याला गिऱ्हाईक येणार नाही, असं एकाचं म्हणणं होतं. आठ दिवसांनी तीन तारा काळ्या निघाल्या, तिन्ही उताराच्या बाजूच्या. ज्यांनी परत पाठवलं होतं, त्यांतल्या एकाने मग स्वतःच येऊन तार मागून नेली.

कॉम्प्युटर रहार्जोंच्या माणसाने तोंडाला प्राणवायूचं नळकांडं लावून बाहेर काढला. विनार्सीने तो दुकानात नेला. या वेळी दुरुस्त करायचा नव्हता. तिने फक्त डिस्क सोडवली, पाटीचे काळे ठिपके खोडरबराने घासले, दुसऱ्या यंत्राला जोडली आणि वाट बघत बसली. एकोणीस वर्षांपैकी शेवटच्या तीन महिन्यांची पानं चिन्हांचा कचरा झाली होती. बाकीचं सगळं निघालं. ते तिने कागदावर छापलं, दोरा ओवून बांधलं आणि नेऊन दिलं. बापाकांनी बाड मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. म्हणाले, तीन महिने वहीत आहेतच, पुन्हा भरीन.

मुलगी शहरात होती. ती म्हणत होती दोघांनी तिच्याकडे यावं. सुमिरा तिच्याकडे राहायला गेली. तिचे गुडघे पुन्हा धरू लागले होते, आणि नाक परत आलं नाही. भात करपला तरी तिला कळत नसे, मुलीला ओरडून सांगावं लागे. तिच्या मनातून ती खोली मात्र जात नव्हती. विनार्सी भेटायला गेली की ती हळूच विचारायची, ती भेग बुजवता येत नाही का गं, तशी झोप मला पुन्हा लागली नाही. विनार्सी तिचे गुडघे चोळायला घ्यायची.

बापाक खाली उतरले नाहीत. गावाच्या वरच्या टोकाला, शाळेपाशी, एक खोली घेऊन राहिले. सकाळी साडेपाचला बांधावर जाणं चालूच होतं. आळीच्या तोंडाला लावलेला दोर ओलांडायचा नाही एवढं त्यांनी मुलीला कबूल केलं होतं. दोराच्या अलीकडून दिसेल तेवढं बघत आणि सातला विनार्सीला फोन करत. तारांचे दिवस संपले होते, तरी फोनची सवय राहिली होती. आज उणे एक. आज शून्य. आज वारा आहे. ती चहा घेता घेता ऐकायची आणि म्हणायची, बरं बापाक.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, त्या वर्षातलं सगळ्यांत कडक दव पडलं त्या दिवशी, फोन सहालाच वाजला.

“म्बाक विनार,” ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. “मी शाळेपाशी उभा आहे. सगळं पांढरं आहे. माझ्या खोलीचं छप्परसुद्धा.”

“बरं, बापाक.”

“शाळेच्या पटांगणात मात्र एक तुकडा हिरवा आहे. दोन चटया अंथराव्यात एवढा. ध्वजाच्या खांबाच्या डाव्या हाताला. तिथे दव पडलेलं नाही.”

विनार्सीने चहाचा पेला खाली ठेवला. दव धरत नाही म्हणजे तिथली जमीन खालून तापते आहे, त्या खोलीच्या फरशीसारखी. शाळा गावाच्या वरच्या टोकाला होती. त्या बाजूला त्यांनी तारा टांगल्याच नव्हत्या, गरज वाटली नव्हती.

“तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात?”

“वीस पावलं. मी पुढे गेलो नाही.”

“जाऊ नका. वास येतोय का?”

पलीकडे ते श्वास घेताना ऐकू आले, एकदा, दोनदा.

“येतोय,” ते म्हणाले. “अजून येतोय. रहार्जोला फोन केलाय, तो निघालाय. पोरं सातला येतात. मी फाटकात उभा राहतो.”

तिने त्यांना फाटकाच्याही बाहेर, रस्त्यावर, वरच्या बाजूला उभं राहायला सांगितलं. फोन बंद करू नका म्हणाली. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला असावा. तिला त्यांच्या पावलांचा आवाज आला, गोठलेलं गवत मोडल्याचा, मग फाटकाची कडी लागल्याचा. नंतर लांबून पोरांच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला, वाढत वाढत जवळ आला, आणि बापाकांनी त्यांच्या जुन्या आवाजात सांगितलं की आज शाळा नाही, ज्याने त्याने उलट फिरायचं, आणि धावायचं नाही, चालायचं.